चार घरं वर

गिटारच्या तारा उतरतात, चढत नाहीत, एवढं चंद्रकुमारला नक्की माहीत होतं. भिंतीला टांगलेली गिटार महिनाभर कुणी हातात घेतली नाही तर ती आपोआप ढिली पडते; यात तिचा दोष नाही, माणसंही पडतात. पण टांगल्या टांगल्या गिटार वर चढली, असं त्यानं चोपन्न वर्षांत कुठं ऐकलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी आंघोळ करून, बनियनवरच, मऊ झालेल्या जुन्या लुंगीच्या तुकड्यानं तो गिटार पुसत होता. पुसता पुसता अंगठा सगळ्यात जाड तारेवर पडला आणि जो आवाज आला तो त्याच्या गिटारचा नव्हता. उंच होता, हलका होता, शेजारच्या घरात कुणी बाई हसावी आणि आपल्या खोलीत ऐकू यावं तसा. त्यानं हात काढून घेतला. मग दार जरा लोटून घेतलं आणि मोबाईलवरचं तार लावायचं ॲप उघडलं. ॲपला कुणाच्या घरातल्या भानगडींशी देणंघेणं नसतं. त्यानं निर्विकारपणे 'एफ शार्प' दाखवून हिरवा दिवा लावला. हिरवा दिवा, म्हणजे चुकून झालेलं काही नव्हतं; कुणीतरी बसून, मोजून, नीट लावलेली तार होती ही.

जगभर ही तार 'ई'वर लावतात. गिटारच्या दांडीवर ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यांच्या मधल्या जागांना चंद्रकुमार घरं म्हणायचा, त्या हिशेबानं तीन वर्षांपूर्वी त्यानंच ती दोन घरं खाली आणून ठेवली होती, त्यासाठी मुद्दाम जाड तारांचा सेट आणून. आता ती जगाच्याही दोन घरं वर होती. एकूण चार घरं. त्यानं तार नखानं चाचपली. पातळ. सहाच्या सहा तारा पातळ. जाड तारा एवढ्या वर ओढल्या असत्या तर एक तर तुटल्या असत्या, नाही तर लाकूड वाकवलं असतं. ज्यानं कुणी हे केलं त्याला ते ठाऊक होतं. म्हणजे माणूस जाणकार होता. चंद्रकुमारला सगळ्यात जास्त लागलं ते हे. अडाण्यानं हात लावला असता तर त्यानं माफ केलं असतं.

तो मोजणीदार होता. पवनी आणि मग मोहाडी तालुक्यातले धुरे, म्हणजे शेतांच्या हद्दी, मोजण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती. आधी साखळीनं, आता उपग्रहाशी बोलणाऱ्या काठीनं. या नोकरीनं त्याला एकच गोष्ट शिकवली होती, की जमिनीत रोवलेला दगड आपल्या पायानं चालत नाही. हद्द सरकलेली दिसली की समोरचा हात जोडून सांगतो, साहेब, पावसानं झालं असन. आणि चंद्रकुमार दगडाच्या बुडाची माती चिमटीत घेऊन बघतो, ओली आहे की नाही; ओली म्हणजे दगड नुकताच हलवलेला. गेले दोन रविवार तो आंधळगावात भावाभावांची एक मोजणी करत होता. तेवढ्यात त्याच्या स्वतःच्या घरातला दगड चार बोटं सरकला होता, आणि माती बघायला गेलं तर कचऱ्याच्या डब्याखेरीज जागा नव्हती.

हर्षा, त्याची बायको, मागच्या अंगणात कपडे वाळू घालत होती, तेवढ्या वेळात त्यानं डबा पाहिला. कांद्याची सालं, चहाचा चोथा, आणि त्याखाली चौकोनी पुडकं, दहा नंबरच्या तारांचं. त्याच्या तेरा नंबरच्या, जाड. पुडकं त्यानं धुऊन, पुसून, सेवापुस्तकाच्या फाईलमध्ये ठेवलं. पुरावा कुठं ठेवावा याचं त्याला वळण होतं. मग तो देवघराशेजारी बसलेल्या आईजवळ जाऊन बसला. चंद्रभागाबाईंना ऐकू कमी यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं, असा त्याचा अनुभव.

"माय, मी ड्युटीवर गेलो का घरी कोन येते?"

"कोन नाही येत? दूधवाला येते. गॅसवाला येते. मीटर पाहाले येते. तू पन येतेस कधी कधी."

"तसं नाही. गाना-बजावना होते का घरी?"

"होते ना."

"कोनाचा?"

"टीव्हीचा."

"टीव्ही त दिवाळीपासून बंद पडला हाय, माय."

चंद्रभागाबाईंनी जपमाळ थांबवली आणि लेकाकडे जरा काळजीनं पाहिलं. "मंग कोनाचा असन बाप्पा?" त्यांनी त्यालाच विचारलं.

मग त्याला धर्मेंद्र आठवला, म्हणजे आठवायला तो विसरलेला नव्हताच. समोरच्या घरात राहायचा, सकाळच्या शाळेत गणित शिकवायचा, आणि कॉलनीत कुठंही बारसं असो की निवृत्तीचा सत्कार, माईक हातात घेऊन असा काही वरच्या पट्टीत गायचा की मंडपवाल्यालाही त्याचा आवाज कापडाच्या वर जाताना दिसे. उंच गळ्याचा पुरुष. उंच लावलेली गिटार. दोन दगडांमधून एकच रेघ जाते, हे चंद्रकुमारला सांगावं लागत नव्हतं. शिवाय गेल्या महिन्यापासून धर्मेंद्र नजर चुकवत होता. गेटवर दिसला की "काय भाऊजी" म्हणून लगबगीनं आत जायचा. (त्याचं कारण वेगळंच होतं. त्यानं आपली कंपाऊंडची भिंत नव्यानं बांधताना चार बोटं रस्त्यावर आणली होती, आणि समोर मोजणीदार राहतो म्हणून त्याला झोप लागत नव्हती. ती भिंत चंद्रकुमारला रोज दिसत होती. तिच्यावरून तो धर्मेंद्रच्या खिडकीकडे बघत होता.)

रविवारची दुपार अशीच गेली. एकेकाळी रविवारच्या संध्याकाळी हर्षा आणि तो समोरासमोर बसायचे. तो वाजवायचा, ती गायची. दुसरं काही नव्हतं त्यांच्यात असं नाही. पोरगी टीना होती, ती आता पुण्यात नोकरीला होती, घराचे हप्ते होते, आईचा मोतीबिंदू होता. पण आठवड्यातल्या त्या पाऊण तासात चंद्रकुमार मोजत नसे. त्या पाऊण तासासाठी तर बाकीचा आठवडा होता. मग हर्षाच्या गळ्याला गाठ आली, नागपुरात ऑपरेशन झालं, चांगलं झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. आवाज मात्र बसला. तीन महिन्यांनी ती एकदा गायला बसली, वरच्या जागेवर गेली आणि तिथं नुसती हवा आली. चंद्रकुमारनं दुसऱ्या दिवशी जाड तारा आणल्या आणि गिटार दोन घरं खाली लावली. सांगितलं नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून. पुढच्या रविवारी ती बसली, पहिल्या ओळीलाच थांबली, गिटारकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, भाजी लागन खाली. त्यानंतर ती बसली नाही. तो मात्र दर रविवारी गिटार पुसायचा, तार जागेवर आहे ना बघायचा. कधी तरी ती येईल, तेव्हा सगळं तिच्यासाठी खाली, सोयीचं, तयार असावं. आणि आता कळत होतं की ती गात असावी. दुसऱ्या कुणासमोर. वर.

सोमवारी ऑफिसला जायच्या आधी तो गुलाबभाऊच्या दुकानात गेला. भंडाऱ्यात गिटारच्या तारा मिळायचं तेवढं एकच ठिकाण; एरवी तिथं बँडवाल्यांचे ढोल टांगलेले असत. चंद्रकुमारनं आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग एका ढोलाची किंमत विचारली, मग दुसऱ्या ढोलाची.

"साहेब, तुमाले ढोल नाही पाह्यजे," गुलाबभाऊ म्हणाले. "बोला."

"दहाचा सेट कोन नेते हो तुमच्याकडून?"

"गिटारवाले नेतात."

"नाव?"

"नाव कायले? सातबारा काढून राहिले का तारेचा?" गुलाबभाऊ हसले, पण मग खालच्या आवाजात म्हणाले, "एक सांगू? तो सेट ज्यानं नेला, त्यानं मले दहा सवाल विचारले. वर ओढली त तुटन का, लाकूड वाकन का, बोटाले कमी लागन का. एवढं त तुमी पन कधी विचारलं नाही. मी म्हटलं, दोन घरं वर घ्या, त्याच्या वर नोका जाऊ."

बोटाला कमी लागेल का. स्कूटर मोहाडीच्या रस्त्याला लागली तरी ते वाक्य त्याच्या हेल्मेटमध्ये घुमत होतं. धर्मेंद्रची बोटं खडूची. त्याला बोटाची एवढी काय काळजी? की दुसऱ्या कुणाच्या बोटाची? दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या होत्या, पाणी भरलेल्या, आणि प्रत्येक बांधीत थोडं थोडं आभाळ मोजून दिल्यासारखं. अशाच दिवसांत, पंचवीस वर्षांपूर्वी, पवनीकडच्या कोंढ्यात एका मोजणीला गेलेला असताना त्यानं धुऱ्यापलीकडून रोवण्याचं गाणं ऐकलं होतं. दहा-बारा बाया वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या. त्यांचे आवाज चिखलातून यावेत तसे येत होते, आणि त्यांच्या वरून एकच आवाज, इतका वर की चंद्रकुमारनं साखळीचं टोक सोडून दिलं आणि पूर्ण रांग पुन्हा मोजावी लागली. तो आवाज हर्षाचा होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला समोर बसवलं होतं, गिटार घेतली होती, आणि ती गायला लागल्यावर म्हणाला होता, जरा खाली घे. गिटारवर ती जागा सापडत नव्हती. कॅपो नावाचा एक चिमटा मिळतो, तो दांडीला लावला की गिटार वर जाते. पण चंद्रकुमारच्या मते तो लबाडीचा प्रकार होता, हद्दीचा दगड मधेच रोवण्यासारखा. तिनं खाली घेतलं. लगेच घेतलं. किती समजूतदार, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आज रस्त्यात ते आठवताना का कोण जाणे, त्याला ते समजूतदार वाटलं नाही, नुसतं खाली वाटलं.

रात्री जेवताना हर्षा भात वाढत होती. चंद्रकुमारनं ताट जरा वर धरलं, आणि त्याचा डोळा तिच्या डाव्या हातावर पडला. बोटांच्या टोकांवर बारीक रेघा होत्या, तारेच्या, ताज्या. आणि मधल्या बोटाची कातडी कडक, पिवळसर. असा घट्टा त्याच्याही बोटाला होता, तीस वर्षांचा. तिच्या बोटाला आजपर्यंत विळीचा होता, सुईचा होता; हा नव्हता.

"पुरे का?" तिनं विचारलं.

"पुरे," तो म्हणाला. भात ताटाबाहेर सांडला होता.

म्हणजे धर्मेंद्र नाही. त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्यानं वाटून बघितलं, वाटलं नाही. रात्रभर तो छताकडे पाहत राहिला. दुसरा पुरुष असता तर त्याचं काहीतरी करता आलं असतं. नोटीस देता आली असती, तसं म्हणायचं तर. पण ती स्वतःच वाजवत असेल तर? तिला गायचं असेल आणि वाजवायचंही असेल, तर त्या पाऊण तासात चंद्रकुमारनं बसायचं कुठं? तीन वर्षं तो तिची वाट बघत होता, आणि ती त्याला वळसा घालून पुढे निघून गेली होती. बाजूला ती शांत श्वास घेत होती. तो श्वासही त्याला संशयास्पद वाटला. फार नीट होता.

बुधवारी त्यानं साहेबांना सांगितलं की पोट दुखतं. ते खोटंही नव्हतं. दुपारी दीडला गल्लीच्या तोंडाशी स्कूटर बंद करून तो ती ढकलत घरापर्यंत आला, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि स्वतःच्या दारापाशी उभा राहिला. चोर असाच उभा राहतो, असं त्याच्या मनात आलं. मग आलं की रात्री दगड सरकवणारा शेतकरीही असाच उभा राहत असेल, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या माणसाबद्दल काहीतरी वाटलं.

आत गिटार वाजत होती. वाईट वाजत होती. तीनच जागा, एकीवरून दुसरीवर जाताना मधे ठेच, दुसरीवरून तिसरीवर जाताना नुसता पाय घसरणं. तरी तारा पातळ असल्यामुळे प्रत्येक ठेच स्वच्छ ऐकू येत होती, आणि त्या सगळ्या पडझडीवर हर्षाचा आवाज.

*बांधी भरली बाई वो, पऱ्हे कोन देते...*

तो कोंढ्याचा आवाज नव्हता. त्याला एक चीर होती आता, ऑपरेशनची असेल, वयाची असेल. पण जागा तीच होती, ती धुऱ्यापलीकडची. जिथं तो तिला कधी भेटलाच नव्हता, कारण त्यानं तिला तिथून खाली बोलावून घेतलं होतं. वरच्या एका सुरावर आवाज फुटला. गिटार थांबली. आता ती खुंटी पिळून खाली आणेल, असं त्यानं धरलं, त्यानं तरी तेच केलं असतं. तिनं घसा साफ केला आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं. पुन्हा फुटला. पुन्हा सुरू केलं. चौथ्या वेळी फुटला नाही.

"आत या," ती आतून म्हणाली. "किती वेळ चपला धरून उभे राहसान? परदा पातळ हाय, दिसून राहिले तुमी."

तो आत गेला. ती दिवाणावर मांडी घालून बसली होती, गिटार जरा उलटी, बाळ धरावं तशी. त्यानं काय विचारायचं हे तीन दिवस ठरवलं होतं, आणि तेच विचारलं, जे विचारायचं नाही असं ठरलं होतं.

"कोन शिकवते तुले?"

"मोबाईल. आन अडलं का टीना, फोनवर. इतवार सोडून रोज."

"इतवार काहून सोडून?"

"इतवारी तुमी घरी राहता ना." तिनं एक तार उगाच छेडली. "कचऱ्याचा डब्बा पाहून झाला? पुडकं मीच टाकलं होतं. लपवाचंच असतं त धर्मेंद्रभाऊच्या डब्ब्यात नसतं टाकलं?"

चंद्रकुमार खुर्चीत बसला. चपला अजून हातातच होत्या. त्या त्यानं मांडीवर ठेवल्या. "मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुमी लगेच पट्टी लावून देल्ली असती. तुमच्या मनाची."

"तुहा आवाज खाली गेला होता, हर्षा. मी तुह्यासाठीच त..."

"डॉक्टरनं सहा महिने थांबा म्हटलं होतं. तुमी तीन महिन्यांत तारा बदलवल्या. एकडाव मोजलं, का मोजलं. मंग फिरून पाहाचं नाही." ती रागावून बोलत नव्हती, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती, आणि म्हणून ते जास्त लागत होतं. "माह्यासाठी केलं, मालूम हाय मले. म्हणून त तीन साल काही बोलली नाही. पन विचारलं नाही तुमी. पहिले पन नाही विचारलं. मी नवी नवरी, तुमी म्हटलं खाली घे. मले वाटलं, गिटार मंजे एवढीच असते बापा, हिच्या वर जातच नसन. घेतली मी खाली. बावीस साल घेतली." ती थांबली. "पातळ तारा लावल्या का ते वर जाते, हे मले आत्ता मालूम झालं. तुमाले मालूम होतं?"

चंद्रकुमारला माहीत होतं. कोणत्याही गिटारवाल्याला माहीत असतं. त्यानं पुष्कळ उत्तरं चाचपून पाहिली, कॅपोचं, लाकूड वाकण्याचं, जगभर ई लावतात याचं. सगळ्या उत्तरांच्या बुडाची माती ओली होती.

"होतं," तो म्हणाला.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. आईच्या खोलीतून माळेचा आवाज येत होता, मणी मण्यावर पडल्याचा. त्याचे हात चपलांवर होते आणि त्यांना काही काम नव्हतं. गेल्या पंचवीस वर्षांत या खोलीत गाणं असताना त्याचे हात कधी असे पडून राहिले नव्हते.

"मंग आता माहं काय काम उरलं?" त्यानं विचारलं. हसत विचारायचं होतं, तसं झालं नाही.

हर्षानं गिटार मांडीवर नीट घेतली. "म्हना," ती म्हणाली.

"काय?"

"गाना. दुसरी ओळ तुमी म्हना. रोवण्यात एकटी बाई कधी गात नाही. एका ओळीच्या बाया म्हणतात आन सोडतात, दुसऱ्या ओळीच्यायनं उचलाचं. नाही उचललं त गाना चिखलात पडते. मी रोज दोन्ही ओळी एकलीच म्हणून राहिली. दम लागते."

"मी कधी गायलो काय?"

"मी कधी वाजवली होती?"

ती वाजवू लागली. तीच तीन जागांची पडझड. दुसऱ्या जागी तिचं बोट चुकीच्या तारेवर होतं आणि चंद्रकुमारला ते दिसत होतं, सांगायला तोंड उघडलं होतं. तिनं भुवई उचलली. त्यानं ते मिटलं. तिनं पहिली ओळ म्हटली, शेवटच्या अक्षरावर आवाज वर नेला आणि तिथंच सोडून दिला, अधांतरी, आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं खालून सुरुवात केली.

*आभाळाच्या मांगून...*

"खाली नाही," ती म्हणाली. "तिथून."

"थोडी उतरव ना गिटार. दोनच घरं. मानसाचा गळा हाय हा."

"नाही."

तिनं पुन्हा पहिली ओळ म्हटली. पुन्हा सोडली. तो गेला, आणि मधेच त्याचा आवाज फाटला, कुडाची काडी मोडावी तसा. समोरच्या खिडकीत धर्मेंद्र येऊन उभा राहिलेला दिसला आणि घाईनं आत गेला. हर्षानं वाजवणं थांबवलं नाही. तिनं एक फेरी नुसती वाजवली, त्याला श्वास घ्यायला पुरेल एवढी, मग पहिली ओळ म्हटली, आणि ती ओळ वर नेऊन सोडली. मांडीवरच्या चपला खाली पडल्या. चंद्रकुमारनं डोळे मिटले, बसल्या बसल्याच त्याच्या दोन्ही टाचा जमिनीपासून उचलल्या गेल्या, आणि तो ती ओळ धरायला वर गेला.